लग्नाआधी बीआरसीए तपासणी करू का?

विचारलंय असं: आजी पोटात पाणी होऊन गेली, आत्याला ४३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, मी २७ वर्षांची, लांज्याची. बीआरसीए तपासणी करू का? घरचे म्हणतात, लग्न जमेपर्यंत नको.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं. त्यांत दोष असला तर स्तनाचा आणि अंडाशयाचा कॅन्सर व्हायची शक्यता वाढते. तुमचं रक्त राहू द्या. आत्या हयात असेल तर पहिलं रक्त तिचं. तिच्यात दोष सापडला की तेवढी एकच जागा वडिलांच्या आणि मग तुमच्या रक्तात बघायची. पूर्ण पॅनेलपेक्षा, म्हणजे बरीच जनुकं एकदम अख्खी तपासण्यापेक्षा, हे बरंच स्वस्त पडतं. तिला वगळून तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर तो दोष तुमच्यात उतरला नाही, की चाचणीला दिसलाच नाही, हे कळायला मार्ग नाही. जनुकाचा मोठा तुकडा गळालेला असेल तर तो पकडला जातो का, हे लॅबला आधी विचारा.

‘बापाकडून बायकांचा कॅन्सर कसा येईल?’ हे शिकलेली माणसंही मला ऐकवतात. बीआरसीए-१ सतराव्या गुणसूत्रावर, बीआरसीए-२ तेराव्या. बाप असो की आई, दोष असलेल्याकडून मुलात उतरायची शक्यता निम्मी. वडील ठणठणीत आहेत यावरून काहीच सिद्ध होत नाही.

वंशावळ गणपतीत काढा. चाकरमानी आलेले असतात, आरती आटोपली की म्हाताऱ्या बोलत्या होतात. दोन्ही बाजू, तीन पिढ्या. अवयव कुठला, वय किती. ‘पिशवीचा कॅन्सर’ एवढ्यावर थांबू नका. गर्भाशयाच्या तोंडाचा असेल तर त्याचा बीआरसीएशी संबंध नाही, अंडाशयाचा असेल तर थेट आहे. ‘पिशवी काढली’ म्हटलं तर अंडाशय ठेवले होते का, तेही विचारा. घराण्याचा दोष म्हणून कुणी देवाला कौल लावला असेल तर हसू नका, त्यावरून कोण कधी आजारी होतं ते नेमकं लागतं.

ती वंशावळ आणि आत्याचा बायोप्सी रिपोर्ट घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे जा. टाटाच्या खारघरच्या केंद्रात कॅन्सर जनुकशास्त्राचं काम चालतं. रिपोर्टात ‘व्हीयूएस’ आलं तर जनुकात बदल सापडलाय, पण तो घातक आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही. त्यावर कुणी ऑपरेशन सुचवलं तर उठून या.

दोष निघालाच तर साधारण २५पासून वर्षाला स्तनांचा एमआरआय, ३०पासून सोबत मॅमोग्राफी. अंडाशयाचं मात्र सोनोग्राफी आणि सीए-१२५ या रक्तचाचणीवर भागत नाही, त्यात तो कॅन्सर वेळेत सापडत नाही. म्हणून मुलं झाल्यावर अंडाशय नळ्यांसकट काढतात: बीआरसीए-१ला ३५ ते ४०, बीआरसीए-२ला ४० ते ४५. हे आकडे सर्वसाधारण आहेत. घरात कुणाला फार लवकर झाला असेल तर तपासण्या आधी सुरू होतात.

लग्नाचं म्हणाल तर लपवाछपवी फक्त मुलींच्याच बाबतीत का? भाऊ असेल तर त्याचंही रक्त घ्या. बीआरसीए-२ निघाला तर त्याला चाळिशीपासून प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसए ही रक्तचाचणी करावी लागेल, आणि त्याच्या स्थळाला कुणी हे विचारत नाही.