बडोद्यात ७५,००० पगाराची नोकरी सोडून तासाला ६०० रुपयांवर पायपिंग डिझाइनचं काम घ्यावं का?

तुमची माहिती एवढी: ग्रॉस ७५,०००, पाच दिवसांचा आठवडा, आणि एका कन्सल्टन्सीने तासाला ६०० देऊ केलेत. फक्त रेटच ठरला असेल, तासांची हमी नसेल, तर घेऊ नका. (पायपिंग डिझाइन म्हणजे कारखान्यातल्या पाइपलाइनचं डिझाइन.)

"७५,००० भागिले १७६ तास (महिन्याचे २२ दिवस, रोज ८ तास) म्हणजे ४२६, मग ६०० ही चाळीस टक्के वाढच की" हा भागाकार बडोद्यात मकरपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत भरती करणारे ऐकवतात. तो साफ चूक आहे, आणि जाणती माणसंही त्याला मान डोलावतात याचा मला राग येतो. पगारी माणसाला प्लांटच्या थ्रीडी मॉडेलचं काम थांबलेलं असतानाही पैसे मिळतात. कंत्राटावर मिळतात ते फक्त मंजूर झालेल्या मॅन-अवरचे (कामाच्या तासांचे).

आधी तास मोजा. शनिवार-रविवार वगळून वर्षाचे २६१ दिवस. उत्तरायणाचे दोन, धुळेटी, दिवाळी, बेसतं वर्ष (गुजराती नववर्ष) धरून ११ सुट्ट्या, शिवाय आजारपण आणि लग्नकार्यांचे १५ दिवस. उरले २३५, म्हणजे १,८८० तास. यातलेही सगळे बिलात येत नाहीत. यंत्र पुरवणाऱ्या व्हेंडरचं ड्रॉइंग आलेलं नसतं, म्हणून नोझलची (यंत्राला पाइप जोडायच्या तोंडाची) जागा पक्की नसते आणि त्या पाइपलाइनचं डिझाइन अडकतं. मॉडेल ६० टक्के झाल्यावरच्या रिव्ह्यूनंतर क्लायंटचे शेरे यायला वेळ जातो. एक प्रोजेक्ट संपल्यावर दुसरा मिळेपर्यंत महिनाही निघतो. तीनचतुर्थांश तास बिल झाले तर वर्ष बरं गेलं समजायचं. १,४०० धरा.

आता पगाराची खरी किंमत. वर्षाचे ९,००,०००. बेसिक ३७,५०० असेल तर कंपनीचा १२ टक्के पीएफ ५४,००० (काही कंपन्या १५,००० वरच भरतात, मग महिना १,८००च, स्लिप बघा). ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे साधारण २१,६००. कुटुंबाचा मेडिक्लेम स्वतः घ्यायचा तर २५,००० धरा. झाले १० लाख. तुम्हाला सांगितलेला आकडा सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) असेल तर पीएफ-ग्रॅच्युइटी बहुधा त्यातच असते, ती पुन्हा मिळवू नका. वर्कस्टेशन, इन्व्हर्टर, इंटरनेट, सीए यांचे ६०,००० घाला. १०,६०,००० भागिले १,४०० म्हणजे ७५७. ही नुसती बरोबरी झाली. अनिश्चिततेचे दहा-बारा टक्के धरले की ८५०.

पण रेटपेक्षा हमीचे तास मोठे. महिना १५० तास, काम असो वा नसो, असं लिहून मिळालं तर ६०० लाही वर्षाचे १०,८०,००० होतात आणि ती ऑफर चालेल. हमी नसेल तर ८५० च्या खाली नोकरी सोडू नका. क्लायंटच्या शेऱ्यांमुळे पुन्हा करावं लागलेलं काम बिलात, स्वतःची चूक फुकट, हेही कागदावर हवं. टाइमशीट दर आठवड्याला ईमेलवर मंजूर करून घ्या, कारण महिनाअखेरीला कापाकापी होते ती याच तासांची.

"कंत्राटात टॅक्स वाचतो" हा युक्तिवाद तुमच्या पगाराला लागूच पडत नाही. २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेट आहे, म्हणजे ९ लाखांच्या पगारावर कर आधीच शून्य. उलट प्रोफेशनल फी म्हणून १० टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) कापला तर लाखभर रुपये रिफंड येईपर्यंत अडकतात. व्यावसायिकांच्या अंदाजित कराच्या सोयीखाली (१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं ४४एडीए) निम्मी रक्कम उत्पन्न दाखवलीत तर बँक गृहकर्जासाठी तेवढंच उत्पन्न धरते.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे, पहिल्या बिलाआधी करा. लेखी करार असला तरी मायक्रो-स्मॉल उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. मुदत चुकवून पैसे पुढच्या आर्थिक वर्षात दिले तर प्राप्तिकराच्या नियमामुळे (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच)) त्या खर्चाची वजावट कंपनीला आधीच्या वर्षी मिळत नाही. बिल पाठवताना अकाउंट्सवाल्यांना हा नियम आठवणीने लिहा. जीएसटी २० लाखांपर्यंत नाही, तरी करारात "जीएसटी वेगळा" लिहा.

एक राहिलं. ६०० हा एजन्सीच्या नोकरीत दाखवून दिलेला 'सगळं धरून' रेट असेल तर कंपनीचा पीएफही त्यातूनच जातो, आधी विचारा. आणि सध्याच्या नोकरीत पाच वर्षं पुरी व्हायला थोडे महिने उरले असतील तर तेवढे थांबा. ३७,५०० ला १५/२६ ने आणि मग पाचाने गुणा: साधारण १,०८,००० रुपये ग्रॅच्युइटी होते.