वाचकांचे प्रश्न : आपोआप वाजणारं मॉड्युलर सिंथेसायझर (सुटी मॉड्यूल तारांनी जोडून बनवलेलं वाद्य)

प्रश्न : सॅम्पल अँड होल्डचा (व्होल्टेज पकडून धरणारं मॉड्यूल) रँडम व्होल्टेज क्वांटायझरमधून (व्होल्टेज ठरलेल्या सुरांवर बसवणारं) ऑसिलेटरला (सूर निर्माण करणारं) दिला आहे. क्वांटायझरवर भूप आहे. तरी सूर कुठल्या कुठे उड्या मारतात, विरत असलेला सूर मध्येच बदलतो आणि पाठीमागे तंबोरा लावला की गंधार खटकतो. काय चुकतंय? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत.

बरेच रँडम मॉड्यूल उणे ५ ते अधिक ५ व्होल्ट देतात. युरोरॅक या मॉड्युलर पद्धतीत १ व्होल्ट म्हणजे १ सप्तक. म्हणजे तुमचा भूप १० सप्तकांत विखुरलाय. अटेन्युएटर (व्होल्टेज कमी करणारा) लावून आवाका २ व्होल्टांवर आणा. तो क्वांटायझरच्या आधीच हवा. नंतर लावलात तर नीट बसवलेले व्होल्टही आक्रसतात आणि सगळेच सूर बेसूर होतात.

सूर मध्येच बदलतो, कारण एन्व्हलपचा (आवाजाचा चढउतार ठरवणारं मॉड्यूल) रिलीज, म्हणजे सूर विरण्याचा काळ, अजून चालू आहे. व्हीसीए (आवाज कमीजास्त करणारं मॉड्यूल) पुरता मिटलेला नसताना ऑसिलेटरला पुढचा व्होल्ट मिळतो आणि जुन्या सुराची शेपटी नव्या सुरावर उडी मारते. दोन ट्रिगर (सूर सुरू करणारे इशारे) ४ सेकंदांवर असतील तर रिलीज ३ सेकंदांच्या आत ठेवा. लांबण रिव्हर्बकडून (घुमारा देणारा इफेक्ट) घ्या, तिथे गेलेला सूर बदलत नाही. सुरुवातीलाच बारीक 'टुइक' येत असेल, तर एन्व्हलपला घड्याळाचा (ठेका देणाऱ्या क्लॉकचा) नको, क्वांटायझरचा ट्रिगर द्या.

गंधाराबद्दल तुमचा कान बरोबर आहे. क्वांटायझरचा समविभाजित (सप्तकाचे १२ सारखे भाग करून मिळणारा) गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (१०० सेंट म्हणजे असा एक भाग), तर तंबोऱ्यात आपसूक उमटणारा सुमारे ३८६ वर. हा १४ सेंटचा फरक लपत नाही. धैवतही जवळपास १६ सेंट चढा असतो. मायक्रोट्युनिंग (सूर सेंटांनी हलवण्याची सोय) असेल तर दोन्ही उतरवा. नसेल तर तंबोऱ्याऐवजी दुसऱ्या ऑसिलेटरवर साइन लहरीचा षड्ज धरा. शुद्ध साइनमध्ये गंधाराचा हार्मोनिकच (मूळ सुरासोबत उमटणारा वरचा सूर) नसतो.

एवढं जमलं की रँडम कमी करा. आमच्या मते इथेच संगीत सुरू होतं. ट्युरिंग मशीन प्रकारचं (रँडम ओळ बनवून ती फिरवत ठेवणारं) मॉड्यूल असेल तर नॉब मधोमध न ठेवता तीनच्या काट्यापाशी ठेवा : ओळ बहुतेक तीच फिरते, अधूनमधून एखादा सूर बदलतो. फिल्टर, रिव्हर्ब आणि आवाज यांना ३७, ५३ आणि ७१ सेकंदांचे तीन एलएफओ (संथ लहरी देणारे ऑसिलेटर) द्या. तिघांची गाठ पुन्हा पडायला ३८ तासांहून जास्त लागतात. फिल्टरवरचा पल्ला मात्र थोडाच ठेवा, नाहीतर सूर दर मिनिटाला गुदमरल्यासारखा वाटतो.

प्रश्न : पावसात वीज गेली की इन्व्हर्टरवर गुरगुर येते, शिवाय ट्युनिंग सरकतं. (खानापूर)

उत्तर : स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरच्या विजेतले हार्मोनिक्स ऑडिओत शिरतात; प्युअर साइन वेव्हचा घ्या. लॅपटॉप जोडलेला असेल तर आधी त्याचा चार्जर काढून बघा. गुरगुर थांबली तर दोष ग्राउंड लूपचा (दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेचा). ट्युनिंग सरकतं ते तापमानामुळे. वीज आल्यावर अर्धा तास यंत्र तापू द्या, मगच ऑसिलेटर सुरात लावा.

प्रश्न : यंत्र परवडत नाही. लॅपटॉपवर शिकता येईल का? (निपाणी)

उत्तर : जरूर. व्हीसीव्ही रॅक या मॉड्युलर सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घ्या. ऑसिलेटर, एलएफओ, रँडम, क्वांटायझर, व्हीसीए सगळं त्यात आहे आणि वरची जोडणी जवळपास तशीच चालते. आवाज तुटला तर ऑडिओ सेटिंगमधला बफर ५१२ सॅम्पलचा करा आणि सगळ्या आवाजांना मिळून एकच रिव्हर्ब ठेवा.