टोपाची कड, डावाचा आकडा

प्रश्न : चहा गाळताना स्टीलच्या टोपावरून चहा बाहेरच्या बाजूने ओघळतो. टोप तांबाकाट्यावरून, म्हणजे मुंबईच्या भांडीबाजारातून आणलेला, चांगला जाड आहे. मग चुकतं कुठे? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : जाडीचा इथे संबंध नाही, खोट कडेत आहे. पत्र्याची कापलेली धार हाताला लागू नये आणि टोपाचं तोंड वाकडं होऊ नये म्हणून कड बाहेर गोल वळवतात. सांडशीलाही तिथेच पकड मिळते. पण हळू ओतलं की चहा त्या गोलाईला चिकटून वळतो आणि टोपाच्या पोटावर येतो. चहाची धार सुटून पडायला कडेला टोक लागतं.

चोचीचं भांडं घेताना चोचीवरून बोट फिरवा. बऱ्याच भांड्यांत कड वळवूनच चोच दाबलेली असते. बोटाला गोल लागली तर ती नुसती शोभेची. टोक पातळ आणि किंचित खाली झुकलेलं हवं. दुकानात पाणी मागून ओतून बघा, तेही हळू. जोरात ओतलं की कुठलंही भांडं शहाण्यासारखं वागतं!

घरातला टोप काठोकाठ भरू नका. भरलेला टोप जेमतेम कलतो, पोट जवळपास उभंच राहतं आणि चहाला खाली यायला वाट मिळते. अर्धा भरलेला जास्त कलवावा लागतो, त्यामुळे धार सुटून पडते. कडेला तुपाचं बोट फिरवलं तरी फरक पडतो.

प्रश्न : डाव सारखा आमटीत बुडतो. कारखान्यातून करून घ्यायचा आहे, मापं काय सांगू? – एक वाचक, घाटकोपर

उत्तर : तळाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कडेपर्यंत टोपाचं तिरकं अंतर मोजा. 22 सेंमी रुंद, 12 सेंमी खोल टोपात ते साधारण 25 सेंमी भरतं. डाव त्याहून 8 सेंमी लांब ठेवा. फार लांब केलात तर दांड्याच्या वजनाने डाव बाहेर कलंडतो. दांड्याच्या मागे, कडेत अडकेल असा आकडा हवा. त्याची फट कडेच्या जाडीहून 2-3 मिमी जास्त, नाहीतर अडकवताना झटापट होते. वाटी आणि दांडा रिव्हेटने जोडू नका, फटीत आमटी अडकते. सलग वेल्ड करून घासून घ्या. पत्रा कापण्याआधी पुठ्ठ्याचा डाव कापून टोपात ठेवून बघा.