जागा दिवसा दाखवतात, धंदा रात्री असतो

बाळा,

तुझा मेसेज आणि नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे तू बारसाठी बघितलेल्या गाळ्याचे फोटो मिळाले. व्हॉट्सअॅपवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखं हे नाही म्हणून नीट लिहितोय, निवांत वाच. आणि टोकन अजून दिलं नसशील तर थांब. ब्रोकर म्हणत असेल की उद्या दुसरी पार्टी येणारे, तर येऊ दे.

फोटो सकाळी अकराच्या सुमाराचे दिसतायत. समोर गर्दी, शेजारी बँक, मेडिकल, सगळं भरलेलं. ब्रोकर लोक जागा नेहमी दिवसाच दाखवतात आणि आपला धंदा असतो रात्री आठ ते साडेअकरा. म्हणून मी मंगळवारी रात्री मुद्दाम जाऊन आलो, समोरच्या पानटपरीवर पाऊण तास उभा होतो. साडेआठला बँकेचा दिवा सोडला तर तुझ्या बाजूला अंधार होता, मेडिकलचं शटर अर्धं खाली आलेलं, आणि अंबडच्या कारखान्यांतून सुटून घरी निघालेली सगळी मंडळी डिव्हायडरच्या पलीकडच्या बाजूने जात होती. डिव्हायडरला कट बराच पुढे आहे. दमलेला माणूस बिअर प्यायला एवढा वळसा घालून परत येत नाही रे, त्याला त्याच्याच हाताला, घरी जायच्या वाटेवर जागा लागते. पाऊण तासात तुझ्या बाजूला सात गाड्या थांबल्या, त्यातल्या पाच पानासाठी.

टपरीवाल्याला विचारलं तर म्हणाला तिथे आधी तीन जण येऊन गेले. तू शटरच्या वर नीट बघ, जुन्या बोर्डांच्या बोल्टची भोकं एकाशेजारी एक दिसतात, वरून नुसता रंग मारलाय. ते तिघं का गेले हे मालकाला विचारू नको, त्यांनाच गाठून विचार. लोक सांगतात, मनापासून सांगतात.

आता माझं सांगतो, कारण हे तुला माहीत नाहीये. २०१४ साली मी मुंबई-आग्रा हायवेला गोंद्याच्या बाजूला जागा घेतली, ग्रामपंचायतीच्या हद्दीत. पार्किंग मोकळं, भाडं कमी, एफएल-३ म्हणजे परमिट रूमचं लायसन मिळालं, दोन वर्षं झकास गेली. मग १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला की हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री बंद, आणि पुढे ३१ मार्च २०१७ ला कोर्टाने २० हजार किंवा त्याहून कमी वस्तीच्या ठिकाणी ते अंतर २२० मीटर केलं. मी तर हायवेच्या अगदी कडेला होतो, २२० काय आणि ५०० काय. त्याच ३१ मार्चला लायसनची मुदत संपली आणि रिन्यूअल झालंच नाही. त्या रात्री एक्साइजचे साहेब येऊन एकेक बाटली मोजत होते, अर्ध्या उघडलेल्या बाटल्याही उजेडात धरून किती उरलीये ते रजिस्टरला लिहीत होते, मग स्टॉकरूमला लाखेचं सील लागलं. पोरं भिंतीला टेकून बघत होती, त्यांच्याकडे बघायची मला हिंमत होत नव्हती. जुलै २०१७ मधे कोर्टाने महापालिका, नगरपालिकांच्या हद्दीतल्यांना मोकळीक दिली, पण आमच्यासारख्या ग्रामपंचायतवाल्यांचा विषय फेब्रुवारी २०१८ ला राज्य सरकारवर सोपवला तोपर्यंत लोंबकळतच राहिला. भाडं मात्र चालू, कारण करारात लॉक-इन होतं, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही, आणि मी ते न वाचता सही केली होती.

त्या वर्षभरात वाचवलं ते किचनने. काळ्या मसाल्याचं मटण, बाजरीची भाकरी, आणि मुंबईहून येणाऱ्या गाड्यांना लेकराबाळांसकट थांबायला मोकळी जागा. तेव्हापासून कुठलीही जागा बघताना मी आधी हेच बघतो की उद्या बाटली नसली तर इथे माणूस नुसतं जेवायला येईल का. नाही येणार असं वाटलं तर ती जागा सोड, मग भाडं कितीही कमी असो. ड्राय डे काय, इलेक्शन काय, टॅक्स काय, बारच्या गल्ल्यावर कधीही घाला येतो. व्हॅट, लायसन फी, ड्युटी सगळंच वाढलं म्हणून १४ जुलै २०२५ ला राज्यभरातल्या परमिट रूमवाल्यांनी बंद पाळला तो तू बघितलास ना. दर वाढले की गिऱ्हाईक वाइन शॉपमधून घेऊन घरी बसतं, पण चांगलं जेवण मिळत असेल तर बायकापोरांना घेऊन येतंच.

कागदाचं असं आहे की लायसन माणसाच्या नावावर असलं तरी ते त्या जागेला बांधलेलं असतं. शाळा, देऊळ, मशीद, एसटी स्टँड यांच्यापासून ठरलेलं अंतर सोडावं लागतं, तुझ्या हद्दीत किती आणि कुठून कुठपर्यंत मोजतात हे एक्साइजच्या ऑफिसला गाळ्याचा नकाशा घेऊन जाऊन विचार, ब्रोकरच्या तोंडावर विश्वास ठेवू नको. मागच्या गल्लीत स्वतः पायी फिर, वरच्या मजल्यावर एखादी शाळा असते ती रस्त्यावरून दिसत नाही. गाळ्याचं भोगवटा पत्र कमर्शियलचं आहे का ते बघ, सोसायटी असेल तर एनओसी आधी. कोणी म्हणालं की माझं रनिंग लायसन आहे तू फक्त चालवायला घे, तर त्याला हात जोड, भागीदार म्हणून नाव घालायलाही परवानगी लागते, ती नसेल तर पैसे तुझे जातील.

आणि वस्तीतल्या बायकांना भेट, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. आपल्या राज्यात बायकांनी मतदान करून, निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीच्या चिन्हाला म्हणजे बंदीला मत दिलं की दारूचं दुकान बंद होतं, कितीतरी गावात झालंय. त्यांचा राग खरा असतो, घरात त्यांनी सोसलेलं असतं. जिथे त्या नको म्हणतायत तिथे कागद पूर्ण असला तरी जाऊ नये असं माझं मत आहे.

कॉलेजच्या जवळची जागा तुला आवडलीये हे मला कळलं, पोरांची गर्दी बघून कोणालाही आवडेल. पण आपल्याकडे बिअर-वाइनला २१ आणि कडक दारूला २५ पूर्ण लागतात, रोज रात्री वेटरने कोणाकोणाचं आधार कार्ड बघायचं? मे २०२४ मधे पुण्यात कल्याणीनगरला पबमधून निघालेल्या अल्पवयीन पोराच्या गाडीखाली दोन तरुण जीव गेले, आठव. गिऱ्हाईक आपल्याकडून उठून घरी कसं जाणार हा सुद्धा जागेचाच प्रश्न आहे, रिक्षा स्टँड जवळ हवा, दाराबाहेर पडलं की थेट भरधाव रस्ता नको.

अजून एक, जे कोणी उघड बोलत नाही. आपल्या गावातला माणूस स्वतःच्या गल्लीत प्यायला बसत नाही, सासऱ्याने नाहीतर शेजाऱ्याने बाहेर गाडी बघितली तर काय ही धास्ती असते. म्हणून पार्किंग मागे असलेलं बरं. फॅमिलीचं दार मात्र रस्त्यावर, उजेडात आणि वेगळं, बाईमाणसाला परमिट रूममधून वाट काढत जावं लागलं की ती परत येत नाही.

टेरेसचा विचार डोक्यातून काढ. दिसायला सुंदर असतं पण डिसेंबर २०१७ मधे मुंबईत कमला मिलला गच्चीवरच्या पबच्या आगीत १४ माणसं गेली. फायर एनओसी, दुसरा जिना, हे नसेल तर मला विचारूही नको. बाकी थ्री फेज लोड, चिमणी गच्चीपर्यंत न्यायला वाट, उन्हाळ्यात पाणी, ड्रेनेज, हे तुझा प्लंबर आणि वायरमन बघतील.

भाड्याचा माझा आपला साधा हिशोब आहे, महिन्याचं भाडं चार दिवसांच्या गल्ल्यात निघालं पाहिजे, तेही मंगळवार-बुधवार धरून, शनिवारचा गल्ला धरून नाही. लायसन हातात येईपर्यंत भाडं सुरू होणार नाही असं करारात लिहून घे, मालक तयार होतात, मागावं लागतं फक्त.

गंगापूर रोडची जी दुसरी जागा म्हणालास, आतल्या बाजूची, तिचं भाडं जास्त आहे खरं पण मला ती बघायचीये. गुरुवारी रात्री आठला ये, दोघं जाऊन समोर उभं राहू, साडेअकरापर्यंत. येताना कराराच्या ड्राफ्टची झेरॉक्स आण, आणि घरी जेवायला थांबणार नाही असं सांगून ये, त्या रोडला आसपास जी दोन हॉटेलं चालतायत तिथेच जेवू.

तुझा काका