साताऱ्याचा नकाशा भरायला बसताय? आधी एवढं वाचा

भावा, ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच मिळून भरलेल्या मोफत नकाशावर, खातं काढलंस ते बेस्ट केलंस, पण पहिल्याच दिवशी अख्खं कास पठार भरायला जाऊ नकोस. आधी आपली गल्ली घे. मोबाईलवर स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप टाक, राजवाडा ते पोवई नाका चालत जा, ते साधे प्रश्न विचारतं, रस्ता डांबरी का काँक्रीट, दुकान कधी उघडं असतं, तेवढी उत्तरं दे, हात बसेल.

आता नवे लोक कुठं चुकतात ते सांगतो.

१. गुगल मॅप्स बघून नावं उतरवायची नाहीत. अजिबात नाही. लायसनचा, म्हणजे कॉपीराइटचा प्रश्न असतो, सगळं काम उडवतात. स्वतः पाटी वाच, फोटो काढ.

२. पायवाट म्हणजे रस्ता नव्हे. मी सुरुवातीला अजिंक्यताऱ्याच्या उतारावरची एक पायवाट गाडीरस्ता म्हणून काढली होती, नशीब एकानं लगेच दुरुस्त केली, नाहीतर ॲपनं कुणाची तरी बुलेट तिकडं घातली असती! ऑर्गॅनिक मॅप्स, ओस्मअँड ही रस्ता दाखवणारी ॲप्स आपलाच डेटा वापरतात, आणि यवतेश्वर घाटात रेंज गेली की लोक त्यावरच विसंबून असतात.

३. बदल सेव्ह करताना काय केलं ते एका ओळीत लिही.

आणि ॲपमध्ये लगेच दिसलं नाही म्हणून तेच परत काढू नकोस, ऑफलाइन नकाशा अपडेट व्हायला वेळ लागतो. रिलेशन (अनेक रस्ते-जागा एकत्र जोडणं), जोसम (कॉम्प्युटरवर नकाशा भरायचं सॉफ्टवेअर) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस, महिनाभरानं बोलू.