साहेब येईपर्यंत तिसरी घंटा नाही

प्रश्न: ताई, आम्ही अकरा जण दोन अंकी नाटक बसवतोय. खर्च साडेतीन लाखांच्या घरात जातोय. आमच्या भागातले एक साहेब सगळी रक्कम रोख द्यायला तयार आहेत. त्यांच्यावर जमिनी बळकावल्याच्या केसेस चालू आहेत आणि वाढदिवसाला अख्खा सिंहगड रस्ता त्यांच्या फ्लेक्सनं भरतो. अट काही नाही, फक्त पहिल्या प्रयोगाला येणार. नाटक दोन भावांचं आहे, त्यांच्या धंद्याशी संबंध नाही. आमच्यातल्या दोघी नको म्हणतात. बाकीचे म्हणतात, दुसऱ्या बाजीरावानंही शाहीर पोसलेच की. घ्यावेत का?
– एक दिग्दर्शक, धायरी

उत्तर: आधी तो 'रोख' शब्द बाजूला काढ. एका माणसाकडून एका कामासाठी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७पासून बंदी आहे. घेतलेस तर जेवढी रक्कम तेवढा दंड होऊ शकतो, आणि तो देणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला. दोन हप्त्यांत घेऊ म्हणशील, तर तेही एकच धरतात. साहेबांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

आता बाजीराव. होनाजी बाळा, राम जोशी, सगनभाऊ यांना त्याचा आश्रय होता, खरं आहे. पण १८१८मध्ये त्याचं राज्य गेलं, १८५१मध्ये तो बिठूरला वारला. होनाजीची भूपाळी ऐकताना आज बाजीरावाचा हिशेब कुणी काढत नाही, कारण बाजीराव येत्या महापालिकेला उभा राहणार नाही. तुझे साहेब राहतील.

माझं सांगते. १९८६ साली मी एका हौशी संस्थेत कपडे आणि हिशेबाची वही, दोन्ही सांभाळायचे. एका बांधकामवाल्यानं पेढ्यांच्या पुड्यातून पाकीट पाठवलं, अकरा हजारांचं. अट काही नव्हती. प्रयोग साडेनऊचा. दुसरी घंटा झाली आणि त्यांचा माणूस विंगेत येऊन म्हणाला, "साहेब निघालेत." थांबा असं तो म्हणाला नाही हं. तिसरी घंटा आम्हीच थांबवली. चाळीस मिनिटं! आमची नायिका नऊवारीत उभी, कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलेलं, मी रुमालानं टिपतेय. साहेब आले, पहिल्या रांगेत बसले, मध्यंतरात शाल-श्रीफळ घेऊन निघून गेले. दुसरा अंक त्यांनी पाहिलाच नाही.

त्याच मध्यंतरात एक निवृत्त मास्तर बाहेर तिकिटाच्या टेबलाशी आले. आमचा एकही प्रयोग न चुकवणारा माणूस. त्यांच्या मुलाचे फ्लॅटचे पैसे त्याच बांधकामवाल्याकडे तीन वर्षं अडकले होते, हे मला नंतर कळलं. त्यांनी खिशातून फाटलेल्या तिकिटाचा अर्धा तुकडा काढला, टेबलावर ठेवला आणि चपला घालून जिना उतरले. पैसे परत मागितले असते तर बरं वाटलं असतं.

पुढे त्या साहेबांच्या वॉर्डात हळदीकुंकू होतं, त्याचं निवेदन करायला आमची नायिका हवी असा निरोप आला. नाही कसं म्हणणार? ती गेली, तिला साडी नेसवायला मीही गेले. नाटकातलं एक वाक्यसुद्धा त्यांनी कधी बदलायला लावलं नाही.

नावाचंही तेच. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात सॅकलर घराण्याच्या नावाचं दालन होतं. या घराण्यातल्या काहींच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्यांनी असंख्य लोक व्यसनी झाले. नॅन गोल्डिन ही छायाचित्रकार स्वतः त्यातून गेलेली. २०१८मध्ये तिनं आणि तिच्या सोबत्यांनी त्याच दालनातल्या पाण्यात गोळ्यांच्या बाटल्या फेकल्या. नाव उतरायला २०२१चा डिसेंबर उजाडला. तुमचा फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरेल, पण साहेबांच्या शेजारी उभे असलेले तुम्ही अकरा जण लोकांच्या फोनमध्ये राहाल.

पैसे घेऊन तोंड उघडं ठेवता येतं, नाही असं नाही. १९९६ला पहिला महाराष्ट्र भूषण पुलंना मिळाला आणि तो स्वीकारतानाच त्यांनी सरकारला सुनावलं. पण ते पुलं होते, आणि पैसा जनतेच्या तिजोरीतला होता. तुमच्यात पुलं कोण?

तेव्हा ही रक्कम घेऊ नकोस. तोंडावर नाही म्हणायची भीती वाटत असेल तर स्मरणिका काढ आणि साहेबांना जाहिरातीचं अर्धं पान दे, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला जो दर तोच त्यांना, चेकनं, पावतीसकट. दीपप्रज्वलन नाही, शाल नाही, खुर्ची तिकिटावरच्या नंबराची. बहुतेक ते नकोच म्हणतील. मग त्यांना नेमकं काय हवं होतं ते तुला कळेलच.

आणि साडेतीन लाख कशाला लागतात रे? दोन भावांचं नाटक, एक घर. घरातली खरी टेबलं-खुर्च्या आणा. कपड्यांची यादी मला पाठव, माझ्या ट्रंकेत दोन कोट आणि एक धोतरजोडी अजून धड आहे. हिशेबाची वही त्या नको म्हणणाऱ्या दोघींपैकी एकीकडे दे.

तारीख ठरली की कळव. पास पाठवू नकोस, मी तिकीट काढून येईन.