वाचकांचे आरोग्यप्रश्न : कापडी पॅड, कप आणि आठवड्याचे पाणी

प्रश्न : मी औसा तालुक्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या मुली १५ आणि १९ वर्षांच्या आहेत. आम्हा तिघींना मिळून महिन्याला ४५ च्या आसपास पॅड लागतात. गावात घंटागाडी येत नाही. वापरलेली पॅड घरामागे पुरली तर कुत्री उकरून काढतात आणि जाळली तर घरभर धूर होऊन अर्धवट जळालेले गोळे तसेच राहतात. थोरली म्हणते की, आता कापडी पॅड किंवा पाळीत वापरायचा कप वापरू या. सासूबाई मात्र म्हणतात, “जुनेर वापरून आमचा जन्म खाजेत गेला, अन् तुम्ही परत तिकडंच निघालात.” उन्हाळ्यात आमच्याकडे आठवड्यातून एकदाच टँकर येतो. मला तांबी (गर्भनिरोधक कॉपर-टी) बसवलेली आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : सासूबाईंचे म्हणणे आधी घेते, कारण ते भोगलेल्या बाईचे म्हणणे आहे. लुगड्याच्या घड्या न्हाणीच्या कोपऱ्यात, कोणी येण्याआधी, घाईने तांब्याभर पाण्यात पिळायच्या आणि परकराखाली किंवा गोठ्याच्या अंधारात लपवून वाळत घालायच्या, हे त्यांनी वर्षानुवर्षे केले असेल. त्या घड्या पुरत्या वाळत नसत. ओल राहिलेल्या कापडात जंतू आणि बुरशी वाढते, जांघा चोळवटतात आणि खाज सुटते. हा त्रास सुती कापडाने दिलेला नाही, तो लपवण्याने दिलेला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी पाळीत कापड वापरत असल्याचे सांगितले. त्यामुळे कापड वापरावे की नाही यापेक्षा ते कुठे वाळते, हा प्रश्न मला मोठा वाटतो.

म्हणून पॅड विकत घेण्याआधी घरात दोरीची जागा ठरवा. माळवदावर, कडक उन्हात, वर दुसरा कपडा न टाकता पॅड वाळली पाहिजेत. घरातील पुरुषांना ती दिसतील, आणि दिसू द्यावीत. हे जमणार नसेल, तर कापडी पॅडचा आग्रह मी धरणार नाही. पावसाळ्यात वाळायला वेळ लागतो, तेव्हा प्रत्येकीकडे सहाऐवजी आठ-नऊ पॅड असावीत आणि घडी घालण्यापूर्वी इस्त्री फिरवावी. प्रत्येकीची पॅड वेगळी ठेवावीत आणि दर चार ते सहा तासांनी बदलावीत.

आता पाण्याचे पाहू. वापरलेले पॅड आधी थंड पाण्यात बुडवून ठेवावे. गरम पाण्याने रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. अर्ध्या तासाने हाताने दाबले की बहुतेक रक्त पहिल्याच पाण्यात उतरते. साबण न घातलेले हे पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतायला हरकत नाही. त्याने झाड वाळते हा समज खरा नाही. पुढे थोड्या साबणाने चोळावे आणि साबण पुरता निघेपर्यंत खळखळून धुवावे. बोअरच्या जड पाण्यात फेस येत नाही म्हणून आपण साबण वाढवत जातो, तो कापडात अडकतो, पॅड पापडासारखे कडक होते आणि त्वचेला टोचते. कपडे मऊ करणारे द्रावण वापरू नये, त्याने कापड ओल शोषेनासे होते.

पाण्याच्या टंचाईत कपाचे पारडे जड आहे, हे मी स्पष्ट सांगते. सिलिकॉनचा हा लहान पेला योनीत बसतो आणि रक्त शोषून न घेता साठवतो. तो जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो. पाळीच्या दिवसांत हात साबणाने धुवून कप रिकामा करणे आणि विसळणे, एवढेच काम असते. पाळी सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर तो पाच मिनिटे उकळावा; बोअरच्या पाण्याने त्यावर पांढरा थर बसतो, म्हणून उकळायला जारचे पाणी घ्यावे. नीट जपलेला कप अनेक वर्षे टिकतो. तो पोटात हरवत नाही, कारण गर्भाशयाचे तोंड फार अरुंद असते. मात्र सवय व्हायला दोन-तीन पाळ्या जातात, आणि पहिला प्रयत्न घरी, सुटीच्या दिवशी करावा. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ने २०१९ मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यानुसार सवय झाल्यावर सुमारे ७० टक्के स्त्रियांना कपच पुढे वापरायचा होता.

थोरलीची इच्छा असेल तर तिने कप जरूर वापरावा. योनिमुखाशी असलेला पडदा त्याने ताणला जाऊ शकतो, पण पडद्यावरून कौमार्य ठरत नाही, हे घरातल्या मोठ्यांनाही सांगा. धाकटीने कापडी पॅडपासून सुरुवात करावी. तुम्हीही माझ्या मते कापडी पॅडच वापरावीत, कारण कप ओढताना तांबी सरकण्याचा किंवा निघून येण्याचा धोका असतो. कप हवाच असेल तर आधी डॉक्टरांकडून तांबीचा दोरा तपासून घ्या. प्रवासासाठी बाजारचे पॅड जवळ ठेवले तर त्यात काही चुकले असे मानू नका.

प्रश्न : मी बीड जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांना कप सुचवावा का?

उत्तर : सुचवावा, पण पावसाळ्यात, त्या गावी असताना. फडात आडोसा नसतो, कोपीजवळ (राहत्या झोपडीजवळ) पाणी मोजकेच असते आणि तिथे शिकायला सवड मिळत नाही. जून-जुलैत शिकलेली बाई दिवाळीनंतर निघेपर्यंत तीन-चार पाळ्या सरावलेली असते. हात धुण्यापुरते पाणी आणि साबणाची वडी सोबत ठेवणे मात्र चुकवू नये. कपामुळे आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे रक्त किती जाते. एका पाळीत साधारण ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर तो अतिरक्तस्राव समजतात. अशा बाईचे हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि तिला सरकारी रुग्णालयात पाठवा. जास्त रक्त जाते एवढ्यावरून कोणी गर्भपिशवी काढायला सांगितली, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय तिला होकार देऊ देऊ नका.